सलामाला उत्तर

संपादकांनी 'लढाईचे अनुभव' मागितले तेव्हा मी दोनदा नाही म्हणून कळवले. कारण साधे होते. मी लढाई पाहिलेली नाही. मी अधिकारी होऊन पलटणीत रुजू झालो तोवर लढाई संपत आली होती, आणि माझ्या वाट्याला आली ती नव्या रंगरुटांची कवायत, त्यांच्या रजेचे अर्ज आणि पावसात गळणाऱ्या बराकी. तिसऱ्या पत्रात संपादकांनी लिहिले, "मग साध्या माणसाचा अधिकारी कसा करतात तेवढे तरी लिहा. आमच्या वाचकांना तेही ठाऊक नाही." हे जमेल असे वाटले. लिहायला बसलो तेव्हा कळले की ते सांगायचे तर आबांचे सांगावे लागणार, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

सध्या मी पुन्हा पुण्यात कॉलेजात आहे. पलटणीसाठी अर्धवट सोडलेले बी.ए. पुरे करतो आहे. माझ्या बाकावरची मुले माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. ती मला 'कॅप्टन' म्हणतात. मी लेफ्टनंटच्या पुढे गेलो नाही, हे सांगून पाहिले. काही उपयोग होत नाही.

आमचे घर बेडशाला, लेण्यांच्या डोंगराखाली. शेती भाताची. माझ्याआधी घरातले कोणी मॅट्रिकपर्यंतही गेले नव्हते. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. मागच्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडे होते. तिथली गोळी डाव्या पायाला लागली आणि चाल थोडी लंगडी झाली. सगळा गाव त्यांना 'हवालदार' म्हणतो. लिहायवाचायला ते पलटणीतच शिकले, तेही इंग्रजी अक्षरांत लिहिलेली हिंदुस्थानी. त्यामुळे माझे मराठी पुस्तक त्यांना वाचता येत नसे, पण इंग्रजी पुस्तकातला शब्दन् शब्द ते खडाखडा म्हणत आणि मग माझ्याकडे बघत. "अक्षरं माजी, अर्थ तुजा," असे म्हणून हसत.

आता फौजेची गोष्ट. फौजेला दोन दारे असतात. एक शिपायाचे. तिथे छाती मोजतात, पळायला लावतात, आणि चार दिवसांत माणूस आत. दुसरे अधिकाऱ्याचे. त्याला अर्ज, प्राचार्यांची सही, मग निवडमंडळ, मग सहा-आठ महिन्यांची शाळा, आणि शेवटी कमिशन, म्हणजे सरकारने सहीशिक्क्याने दिलेला अधिकार. पूर्वी हे दुसरे दार आमच्यासारख्यांना दिसतही नव्हते. लढाई वाढली तशी अधिकाऱ्यांची गरज वाढली आणि आमच्या कॉलेजच्या फळ्यावरही कागद लागला. मी तो तीन दिवस येता-जाता वाचला. चौथ्या दिवशी अर्ज मागून घेतला आणि शनिवारी गाडीत बसून कामशेतला उतरलो. तिथून घरापर्यंत तीन कोस चालत अर्ज खिशातच चाचपत होतो.

आबा ओसरीवर दावे वळत बसले होते.

"आबा, एक अर्ज करावा म्हणतो."

"कशाचा?"

"कमिशनचा."

आबांचे हात थांबले. "म्हंजी साहेब व्हनार तू?"

"बघावं म्हणतो."

आई चुलीपुढून म्हणाली, "लढाईत धाडायला शिकिवलं व्हय त्याला? मग बाराखडी तरी कशाला शिकिवली?"

"गप ग." आबांनी दावे खाली ठेवले. "शिवा, तुला शिपाई व्हायचं आसंल तर उद्याच्या उद्या करतो. शिपाई मी हितं वसरीवर बसून बनवीन. पर साहेब... साहेब लोक तंबूत शिरल्यावर आत काय करत्यात ते मला ठावं न्हाई. मी समदी नोकरी भायेरच हुबा."

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवले. पेटीतून स्वतःचे जुने बूट काढले, तेल लावून मऊ केले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. मी जन्मात बूट घातले नव्हते. पुण्यातही चपलांवर भागे. लेण्यांची चढण त्या बुटांनी चढायची आणि उतरायची, असा हुकूम झाला, आणि मी कॉलेजला महिन्याची रजा कळवली. आठवडाभरात दोन्ही टाचांची साले निघाली. "बूट पायाला लागत न्हाई, पाय बुटाला लागतो," एवढेच त्यांचे औषध. आई हळद लावी. मग पॉलिश. चिंधी बोटाला गुंडाळून, किंचित थुंकी लावून, गोल गोल. "बुटात तोंड दिसलं पायजे. तुजं न्हाई, तपासायला येनाऱ्या साहेबाचं."

लेण्यांत वर कमानीचे मोठे दालन आहे. मी धापा टाकत तिथे पोहोचायचो तोवर आबा लंगडत मधल्या खडकापर्यंत आलेले असत, आणि खालून ओरडत, "शिवाऽ, मान! शिवाऽ, टाच!" तो आवाज दालनात शिरायचा, खांबांवरून फिरायचा आणि माझ्या पाठीमागून पुन्हा यायचा. समोरून एक शिवा, मागून एक शिवा. तेव्हा मला त्याचा त्रास वाटे.

महिनाभराने ते म्हणाले, "माजं सपलं. आता भायेरचा मानूस आत न्यायला दुसरा वस्ताद पायजे."

तो वस्ताद म्हणजे धोंडूमामा, आईचा चुलत भाऊ. लोणावळ्यात एका शेटजींच्या बंगल्यावर तो खानसामा होता. त्याआधी त्याने गोऱ्या साहेबांच्या घरी काढलेली. शेटजी उन्हाळ्यातच येत. एरवी बंगला, काचेची कपाटे आणि बारा माणसांचे टेबल धोंडूमामाच्या ताब्यात. निवडमंडळापुढे तीन-चार दिवस राहावे लागते, आणि जेवताना काट्या-चमच्यावरही लक्ष ठेवतात, असे आम्ही ऐकले होते. खरे किती ते माहीत नाही. पण त्या ऐकिवावर मी पंधरा दिवस मामाकडे राहिलो.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. मामाने सुरी उजव्या हातात दिली आणि काटा डाव्या. बटाटा कापला, टोचला, आणि माझा डावा हात तोंडाजवळ येऊन थांबला. पुढे जाईना. आमच्या घरी लहान पोराने डाव्या हाताने घास घेतला तर मनगटावर चापट बसते. वीस वर्षांची ती चापट मला त्या टेबलावर बसली.

"मामा, डाव्या हातानं घास?"

"घास म्हनू नगं, हत्यार म्हन. बंदूक कंच्या हातात धरली आन चाप कंच्या हातानं वढला, इचारतो का कुनी?"

"पण तोंडात..."

"तोंड हाय तेच हाय रं बाबा! वाजवू नगस म्हंजी झालं."

वाटाण्यांनी फार छळले. काट्याच्या पाठीवर सुरीने लोटून ते उचलायचे असतात. माझे वाटाणे टेबलावरून घरंगळत भिंतीपर्यंत जात, आणि मामा केरसुणी घेऊन उभा. "पलटनीत गोळ्या आशा वाया घालवशील तर कोरटात हुभा करतील," म्हणे. त्याहून अवघड म्हणजे ताटात थोडे ठेवून उठायचे. घरी शीतसुद्धा टाकलेले चालत नाही. मी ठेवलेले मामा मुकाट्याने मागे नेऊन खाई, आणि दुसऱ्या दिवशी मी अंमळ जास्तच ठेवी. हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही.

शेवटच्या दिवशी आबा मला न्यायला आले. मी टेबलाशी बसून, पाठ ताठ ठेवून, डाव्या हाताने आमलेट खात होतो. दाराबाहेर व्हरांड्यात त्यांचा पटका दिसला.

"या की आत, हवालदार," मामा म्हणाला. "बघा तुमचा बाळराजा."

"नगं. हितं बरं हाय."

ते उन्हात उभे राहून बघत होते. मी खूण केली तरी उंबरा ओलांडला नाही. मला वाटले, पायातल्या वहाणांमुळे असेल.

निवडमंडळाचे थोडक्यात सांगतो. आठ-आठ मुलांचे गट करतात, छातीवर आकडा लावतात, आणि नाव तिथे संपते. मी सात नंबर. एका खणलेल्या चरापाशी दोन आखूड फळ्या, एक दोर आणि एक जड पिंप ठेवून सांगितले, सगळे पलीकडे न्या. आठांपैकी सहा जण एकदम हुकूम सोडू लागले. इंग्रजी तर असे की मी गप्पच झालो. मला एकदम आमची इर्जिक आठवली. गावात कोणाचे काम अडले की शेजारपाजारचे आपापले बैल घेऊन येतात आणि एका दिवसात शेत उरकून देतात; त्याला इर्जिक म्हणतात. जेवण मालकाचे. पण आलेल्या माणसाला मालकाने हुकूम करायचा नाही, तो अपमान होतो. मालकाने सगळ्यांत पुढचे औत धरायचे आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. मी पिंपाची जड बाजू उचलली. मग एकाने दुसरी उचलली. फळ्या कोणी बांधल्या ते आठवत नाही, पण आम्ही पलीकडे गेलो. बाहेर उभ्या साहेबाने वहीत काही लिहिले. मी हुकूम एकही दिला नव्हता. मला वाटले, संपले.

शेवटी मुलाखत. तिघे बसले होते. पिकल्या मिशांच्या साहेबाने विचारले, "तुमचे वडील हवालदार होते. समजा, ते तुमच्या तुकडीत आहेत आणि त्यांच्या हातून कसूर झाली. तुम्ही काय कराल?"

मी इतका वेळ गप्प राहिलो की बाजूच्या साहेबाने पेन्सिल खाली ठेवली. मला 'शिक्षा करीन' म्हणता येईना आणि 'सोडून देईन' म्हणायचे नाही एवढे कळत होते. शेवटी म्हणालो, "सर, ते चुकणार नाहीत."

दोघे हसले. मिशांवाले हसले नाहीत. मी पास झालो. इर्जिकीमुळे झालो की आबांमुळे, हे मला अजून सांगता येत नाही.

प्रशिक्षणाच्या शाळेचे नाव सांगत नाही. दूर होती, आणि थंडी मावळातल्या थंडीहून वेगळी होती. तिथली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. शिकाऊ अधिकाऱ्याला कवायत शिकवतो तो हवालदारच. तो आपल्याला वाटेल ते बोलू शकतो, फक्त शेवटी 'साब' म्हणावे लागते. आमचे उस्ताद पंजाबकडचे होते. "साब, आप बैल हैं, साब!" हे मी रोज ऐकले. बैलांबद्दलचे त्यांचे मत मला पटत नसे, पण बोलायची सोय नव्हती.

सलामाचे मात्र नीट सांगितले पाहिजे. फौजेत सलाम माणसाला नसतो, कमिशनला असतो. म्हणून ज्याला केला त्याने उत्तर द्यावेच लागते. उत्तर न देणे म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणे. हे अंगात मुरावे म्हणून उस्ताद मैदानाकडे जायच्या वाटेवर झाडाआड लपत. आम्ही गप्पा मारत आलो की झपकन पुढे येऊन सलाम ठोकत. ज्याचा हात तत्क्षणी वर गेला नाही त्याने बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेरी मारायची. "हाथ पहले, सोच बाद में, साब!" मी पहिल्या महिन्यात अकरा फेऱ्या मारल्या. सहाव्या महिन्यात माझी अशी गत झाली की पोस्टमनने कपाळावरचा घाम पुसला तरी माझा हात वर जाई. उस्ताद खूष झाले. मीही झालो. घरची आठवण यायची ती बहुतेक पहाटे, बूट चढवताना. कोणी 'शिवा' म्हणून ओरडत नाही, हे तेव्हा जाणवे. तिथे मी आडनावाने ओळखला जात होतो.

कमिशन मिळाले. खांद्यावर एक चांदणी लागली. रुजू होण्याआधी दहा दिवसांची रजा मिळाली आणि मी वर्दीतच घरी निघालो. आबांनी बघावे म्हणून. दुसरे कारण नव्हते.

कामशेतला उतरलो. फलाटाच्या टोकाला आबा उभे होते. जुना खाकी कोट, छातीवर बिल्ले, इस्त्री केल्यासारखा पटका. दुखरा पायही सरळ धरलेला. मी हसलो, 'आबा' म्हणायला तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची टाच वाजली आणि हात पटक्याला लागला.

आणि माझा हात वर गेला.

हात आधी, विचार मागून. विचार आला तेव्हा हात खाली आला होता. मी घाईने पुढे होऊन पायाशी वाकलो, तर आबा अर्धे पाऊल मागे सरले.

"वर्दीत न्हाई, साहेब."

मला आधी ती थट्टा वाटली. तोवर माझी वळकटी त्यांनी डोक्यावर घेतली होती. मी म्हणालो, "आबा, द्या ती वळकटी इकडं."

"चला, साहेब. ऊन हुतंय."

तीन कोस ते माझ्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे चालले. मी थांबलो की थांबत. मी मुद्दाम हळू चाललो की तेही हळू. लंगडा पाय, त्यात डोक्यावर माझी वळकटी. दोनदा हिसकून घ्यायला गेलो, दोनदा त्यांनी नुसते बघितले. वाटेत बैलगाडीवरून कोणी ओरडले, "काय हवालदार, कुटल्या साहेबाची हमाली?" आबा मान न वळवता म्हणाले, "घरच्याच."

आई दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. ओवाळून टाकायच्या आधीच ती आबांवर तुटून पडली. "आन हे मागं मागं काय? बाप हायसा का चोपदार? पुढं व्हा की!"

आबा पुढे झाले नाहीत.

मी घरात शिरून वर्दी उतरवली, धोतर नेसलो, वाटले आता झाले. ओसरीवर आलो तर आबा उठून उभे राहिले. मी बाजेवर बसलो, ते जमिनीवर. मी जमिनीवर बसलो, तर ते उठून गोठ्यात गेले. जेवताना आईने भाकरी-भात वाढला. मी उजव्या हाताने, बोटांनी, शेवटचे शीतही उचलून जेवलो. आबांनी ताटाकडे बघितले.

पुढच्या दिवसांत मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. मी त्यांना चिडवायचा प्रयत्न केला. बैल जुंपताना मुद्दाम उजवीकडचा डावीकडे घातला. पूर्वी असे केले असते तर 'शिवा, गाढवा, डोळं फुटलं का' हे शिवारभर ऐकू गेले असते. आबांनी बैल मुकाट्याने बदलले. "ऱ्हाऊ द्या, साहेब. मी करतो." लेण्यांकडे नेले, मी दालनात गेलो, ते मधल्या खडकावर बसले. मी वर वाट बघत उभा राहिलो. खालून काही आवाज आला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईने त्यांना धरले. मी आत होतो, ऐकत होतो. "लेकाला नावानं हाक मारली तर जीब झडंल का तुमची? त्याचं त्वांड बघवंना मला."

आबांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "वीस वरसं मी साहेबाला साहेब म्हनलो. समदी परकी मानसं. काही तर शेंबडी पोरं हुती, माज्या निम्म्या वयाची. त्यास्नी म्हनलो. आन आता माज्या घरातला साहेब झाला, तर त्यालाच म्हनू नगं?"

आई पदर खोचून आत आली. मी वळकटी बांधायला घेतली.

पलटणीत माझ्या तुकडीचा हवालदार वयाने आबांच्याच जवळपास, साताऱ्याकडचा. पहिल्याच आठवड्यात चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, मी सगळ्यांसमोर त्याला म्हणून गेलो, "आबा, जरा थांबा." तीस शिपाई हसू दाबून उभे राहिले. हवालदार नुसता "जी, साब" म्हणाला आणि थांबला. संध्याकाळी सहज आल्यासारखे येऊन त्याने विचारले, "घरनं पत्र आलंय नव्हं, साब?"

हाच हवालदार लावणीसाठी रजेवर गेला आणि दोन दिवस उशिरा आला. नियम असा की मी लेखी कळवायचे आणि त्याला कंपनीच्या मेजरसाहेबांपुढे उभे करायचे. मी कागद लिहिला आणि फाडला. "पुन्हा नको," एवढे म्हणून सोडले. पुढल्या महिन्यात चार शिपाई उशिरा आले, आणि त्यांना मी काही बोलू शकलो नाही. मेजरसाहेबांनी मग मला जे सुनावले ते योग्यच होते.

पुढच्या रजेत ही हकीगत मी आबांना सांगितली. खरे सांगायचे तर शिव्या खाण्यासाठीच सांगितली. आबांनी सगळे ऐकून घेतले.

"तुमी लिवायला पायजे हुतं, साहेब," ते म्हणाले. "हवालदाराला सोडलं की शिपाई बघतो." आणि थोड्या वेळाने, "त्या हवालदारालाबी बरं वाटलं नसंल."

मला निवडमंडळाचे टेबल आठवले. मी विचारले, "त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं मी?"

आबांनी दाव्याला पीळ घातला. "मी चुकलो नसतो, साहेब."

मी मंडळापुढे काय म्हणालो होतो ते मी त्यांना कधीच सांगितले नव्हते. अजूनही सांगितलेले नाही.

लढाई संपली. तात्पुरत्या कमिशनवाल्यांना मोकळे करू लागले, तसा मीही मोकळा झालो. काहींनी नोकरीत राहण्यासाठी खटपट केली. मी केली नाही. सगळ्यांना सांगितले की शिक्षण पुरे करायचे आहे. ते खरे आहे, पण अर्धे. सुटकेचा कागद घेऊन मी घरी गेलो, साध्या सदऱ्यात, चपला घालून, आणि तो आबांच्या हातात दिला. इंग्रजी अक्षरे त्यांची, अर्थ माझा. त्यांनी एकेक शब्द म्हटला आणि मी सांगत गेलो. शेवटी एक ओळ होती, ती मी वगळली. आबांनी बोट ठेवले. "ह्ये?"

"काही नाही. नावापुढे हुद्दा लावायला हरकत नाही, असं आहे."

"जनमभर?"

"जन्मभर."

आबांनी कागदाची घडी केली. चेहऱ्यावर इतके समाधान होते की मला त्यांचा हेवा वाटला. "मग बरं झालं, साहेब," म्हणाले.

मी अजून विचार करतो. त्या दिवशी फलाटावर हात वर न नेता मी आधी वाकलो असतो तर? उस्ताद म्हणाले असते, तुम्ही एका जुन्या हवालदाराच्या तोंडावर दार लावले. आणि आबा? आबांना वाईट वाटले असते, की माझा शिवा परत मिळाला म्हणून बरे वाटले असते, हे मला ठरवता येत नाही. वर्दी पेटीत आहे. अधूनमधून उघडून बघतो. पलटणीतली पहाट, बुटांचा एकसाथ आवाज, ह्यांची आठवण येते आणि मन तिकडे ओढते. पण सगळ्यांत जास्त ओढते ते लेण्यांतल्या दालनाकडे.

गेल्या महिन्यात दोन दिवस घरी होतो. निघताना आईने शिदोरी हातात दिली आणि हळूच म्हणाली, "कुडाच्या मागं वळणावर जरा थांब. लगीच जाऊ नगं."

का ते विचारले नाही. आबांना नमस्कार केला. आता ते पाया पडू देतात, पण अंग चोरून. "सांभाळून जावा, साहेब." मी वाटेला लागलो आणि वळणावर, करवंदीच्या जाळीआड, थांबलो. सकाळची वेळ, गोठ्यातला बैल तेवढा घंटा हलवत होता.

थोड्या वेळाने आबांचा आवाज आला. "गेला का गं?"

"गेला."

"शिवानं भाकर न्हेली का?"

"न्हेली."

"आन काटा? काटा दिलास का बरूबर? न्हाईतर ऱ्हाईल उपाशी तुजा शिवा."

आई हसली. आबाही हसले, त्यांचे ते घशातले हसणे मी किती वर्षांत ऐकले नव्हते. "लई वाळलाय शिवा," ते म्हणाले. मग गोठ्याकडे जाताना पाय ओढल्याचा आवाज आला आणि बोलणे थांबले.

मी तिथेच उभा होतो. माझ्या पाठीमागे माझे नाव घरात रोज असते, हे आईला माहीत होते, मला नव्हते. गाडीची वेळ होत आली तेव्हा निघालो, आणि तीन कोस जवळजवळ पळत गेलो.

दिवाळीला पुन्हा जाणार आहे. परत निघताना ह्या खेपेला शिदोरी ओसरीवर विसरायची, असे मी ठरवले आहे. वळणापर्यंत पोहोचेन तोवर आबांच्या ते लक्षात येईल. पाय दुखतो, तेव्हा ते मागे धावणार नाहीत. ओसरीवरून हाक मारतील. घाईने हाक मारायची तर माणसाला विचार करायला वेळ नसतो.

मी वळणावर सावकाश चालणार आहे.